किकवरचं लाल फडकं

आमच्या थोरल्या साडूंना देवाने कान दिले ते माणसांचं ऐकायला नव्हेत. मंगळवार पेठेतल्या घराच्या पायरीवर बसून ते आपल्याशी बोलत असले, तरी त्यांचं अर्धं लक्ष रस्त्यावर असे, आणि समोरून जाणाऱ्या गाडीला काय दुखतंय हे तिच्या मालकाच्या आधी त्यांना कळे. आमच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मी त्यांना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, "लई चांगलं झालं की," म्हणाले आणि त्याच श्वासात पुढे जोडलं, "साखळी सैल हाय त्याची." मी क्षणभर होणाऱ्या जावयाच्या काळजीत पडलो. मग लक्षात आलं, की हे नुकत्याच गेलेल्या दूधवाल्याबद्दल होतं. चुलत सासरे वारले तेव्हा शववाहिका सुरू झाली, बायकांनी हंबरडा फोडला, आम्ही पुरुषांनी माना खाली घातल्या, आणि साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पावणं, टॅपेट वाजतंय." घाटावर पोचल्यावर ते चालकाच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते. ते पाहून मंडळींना वाटलं, यांना दुःख आवरत नाही.

टॅपेट वाजणं म्हणजे काय, हे मला आज माहीत आहे. इंजिनातल्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांमध्ये फट वाढली, की शिवणयंत्रासारखी टकटक ऐकू येते, ती. पण तेव्हा मी नुसती मान हलवली होती. मी हायस्कुलात तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीच्या पोटात काय चालतं हे मला ठाऊक होतं, पण मोटरसायकलच्या पोटात काय चालतं ते नव्हतं.

साडूंनी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर जन्म काढला. मूळ घर राधानगरीकडचं, म्हशींचं. त्यामुळे त्यांच्या यंत्रशास्त्रातली प्रत्येक उपमा गोठ्यातून यायची. "पावणं, इंजिन म्हंजे म्हस हाय," असं ते म्हणत. "रोज अंगावरनं हात फिरवला तर दूध देती. दसऱ्याला हार घालून वर्षभर लाथा घातल्यासा, तर तीबी घालती." जिच्यावर ते एवढं प्रेम करत ती गाडी खरं म्हणजे आमच्या दोघांच्या सासऱ्यांची. काळी, जाडजूड, साडेतीनशे सीसीची, टाकीवर सोनेरी रेघा. सासरे गेल्यावर ती दोघा जावयांत सामाईक राहिली. सामाईक म्हणजे साडूंनी ती सांभाळायची आणि मी रविवारी तिच्यावर बसून रंकाळ्याला एक चक्कर मारायची. सासऱ्यांना बहुतेक आम्हा दोघांची पात्रता बरोबर कळली होती.

मी निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात साडूंनी मला शिष्य करून घेतलं. मी मागणी केली नव्हती. "तुमाला आता वेळ हाय आणि तिला माणूस पायजे," एवढंच ते म्हणाले. सलग तीन रविवार त्यांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. गाडी सुरू करायची, मला समोर पिढ्यावर बसवायचं आणि डोळे मिटून ऐकायला लावायचं. मी वही घेऊन गेलो होतो. ती त्यांनी काढून घेतली आणि आक्कांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीकडे, ठेवायला दिली. आक्कांनी तिच्यात वाण्याची यादी लिहिली.

चौथ्या रविवारी मी पाना उचलला, तर म्हणाले, "हात धुतलासा?"

मी म्हटलं, "काम झाल्यावर धुतो की."

"काम झाल्यावर समदं जग धुतंय. इंजिन उघडायच्या आधी कोण धुतंय ते सांगा. तुमच्या बोटाची माती आत गेली तर ती काय बोलंल?"

ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे आम्ही दोघं नळावर कोपरापर्यंत हात धुवायचो. शेजारपाजारचे बघत. एका म्हातारीने तर विचारलंच, "कुणाची पूजा हाय?"

त्यांची दुसरी रीत ताटाची. गाडीतून काढलेले नट, बोल्ट, वॉशर ते जमिनीवर ठेवत नसत. आक्कांकडून जेवणाचं मोठं ताट मागून घेत आणि पान वाढायच्या क्रमाने एकेक वस्तू त्यात मांडत. पहिला निघालेला बोल्ट मिठाच्या जागी, दुसरा लिंबाच्या, तिसरा चटणीच्या, चौथा कोशिंबिरीच्या, मग उजवीकडे भाजी, आमटी आणि मधोमध भाताच्या जागी सगळ्यात मोठा भाग. परत बसवताना उलट्या क्रमाने यायचं. "मराठी माणूस समदं विसरंल, पानात मीठ कुठं वाढायचं ते विसरायचा न्हाय," हा त्यांचा सिद्धांत. तो खरा होता. मला आजही सांगता येईल की टॅपेटच्या झाकणाचा बोल्ट लिंबाच्या जागी असतो. आक्कांची तक्रार एवढीच होती, की एकदा पाव्हणे जेवायला बसले असताना कांदा-लसूण चटणीत एक वॉशर निघाला. साडूंनी तो उचलून पुसला, उजेडात धरून पाहिला आणि आनंदाने म्हणाले, "आठ दिस हुडकतोय ह्याला."

त्यांनी शिकवलेलं सगळं असंच अंगाला चिकटून राहिलं. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. काढून बघायची. चहासारखा तपकिरी रंग असेल तर तब्येत बरी, काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त पितेय, पांढरी पडली असेल तर आत ताप आहे. नट किती आवळायचा? लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतो तितका. "लोणचं तुमाला परत काढून खायचं हाय, ते ध्यानात ठेवून आवळा." ऑइल बदलताना इंजिन आधी पाच मिनिटं चालवून कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि घाण बरोबर घेऊन उतरतं. जुनं ऑइल जेवणाआधी काढायचं, नवं जेवणानंतर ओतायचं. का? तर उपाशी माणसाचा हात थरथरतो आणि ऑइल सांडतं.

आणि या सगळ्यांच्या वरचा नियम म्हणजे लाल फडकं. सासऱ्यांच्या जुन्या फेट्याचा तो वीतभर तुकडा. इंजिनातलं ऑइल काढलं, की पहिलं काम म्हणजे ते फडकं किकच्या दांड्याला बांधायचं. ज्याने नवं ऑइल ओतलं, त्यानेच ते सोडायचं. फडकं आहे म्हणजे पोट रिकामं, किकला पाय लावायचा नाही. फडकं नाही म्हणजे पोट भरलेलं. पंधरा वर्षांत त्या फडक्याने कधी दगा दिला नव्हता. साडू म्हणत, "माणसाच्या ध्यानावर भरवसा ठेवू नये. फडक्यावर ठेवावा."

मला जे सांगायचं आहे ते इथे येतं. इतका वेळ मी चटणी-कोशिंबीर वाढत बसलो, कारण पुढचं पान वाढायला हात पुढे होत नव्हता.

चार वर्षांपूर्वीचा रविवार. सकाळी आम्ही ऑइल काढलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत साडू घमेल्याशी उकिडवे बसून होते. मग त्यांनी खालचा नट बसवला आणि किकला फडकं बांधलं. बांधताना मी बघत होतो. दोन गाठी मारल्या. नव्या ऑइलचा डबा कपाटात होता, कारण डबा उन्हात ठेवायचा नाही असाही एक नियम होता. वर जाऊन आम्ही चौघं जेवलो. मटण होतं, त्यामुळे साडू जेवून आडवे झाले. मी खाली आलो, प्लग साफ केला, बसवला. हात काळे झालेले, आणि तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. फोन धरायला हात पुसायला हवे होते. समोर किकवर फडकं होतं. मी ते सोडलं, हात पुसले आणि बोलत बोलत खिशात घातलं. मुलगी बराच वेळ बोलली. मग बायको खाली आली, म्हणाली, चला, ऊन उतरलंय. आम्ही रिक्षाने घरी गेलो.

साडू उठून खाली आले. किकवर फडकं नव्हतं. आक्कांना पन्हाळ्याला एका नातेवाइकाकडे जायचं होतं. दोघं गाडीवर बसून निघाले. नदीचा पूल ओलांडून चार-पाच किलोमीटर गेल्यावर कोरडं इंजिन तापून आवळलं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि दोघं रस्त्याच्या कडेला पडले. नशीब, मागून काही येत नव्हतं. आक्कांचा कोपर सोलवटला, साडूंचा गुडघा. गाडी टेम्पोत घालून उद्यमनगरातल्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी नट काढून खाली बोट धरलं आणि म्हणाले, "काका, आत ऑइलच न्हाय की."

निरोप मिळताच मी आणि बायको तिकडे गेलो. आक्का हाताला पट्टी बांधून बाकावर बसल्या होत्या. साडू गाडीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पावणं, ऑइल तुमी ओतलंसा का?"

"नाही," मी म्हटलं. हे खरं होतं.

त्यांची नजर किकच्या दांड्यावर गेली. मग त्यांनी विचारलं, "मग फडकं मी बांधलतं का?"

माझा उजवा हात खिशात होता. बोटांना फडकं लागत होतं. समोर आक्कांची पट्टी, शेजारी बायको, आणि मी आयुष्यभर मुलांना 'चूक कबूल करायला लाजू नये' असं सांगून छड्या मारलेला मास्तर. मी म्हटलं, "लक्षात नाही."

एवढंच. दोन शब्द.

साडूंच्या थोरल्या भावाला शेवटच्या काळात माणसं ओळखू येत नव्हती. स्वतःच्या मुलाला तो 'पावणं, बसा' म्हणायचा. साडूंनी त्याचं ते सगळं केलं होतं. त्यामुळे त्या दिवशी मेस्त्रींच्या दारात त्यांनी जो हिशेब मांडला तो सरळ होता: फडकं नव्हतं, पावण्यांनी ऑइल ओतलं नाही, म्हणजे फडकं मीच बांधलं नाही, आणि तरी बांधल्याचं मला स्पष्ट आठवतंय, म्हणजे भावाचं जे झालं ते आता माझं सुरू झालं. ते कुणावर चिडले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पान्यांची कातडी गुंडाळी काढली, एकेक पाना पुसला आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आणून दिली. "आता तुमी सांभाळा," म्हणाले. मी ती घेतली. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज या घेण्याची वाटते.

गाडी मेस्त्रींनी दुरुस्त केली. ती परत येऊन साडूंच्या दारात ताडपत्रीखाली उभी राहिली. महिन्यातून एकदा मी ती फिरवून आणत असे. साडू पायरीवर बसत, पण रस्त्याकडे पाठ करून. गल्लीतल्या लोकांनी गाड्या त्यांच्यापुढे आणणं बंद केलं. कुणी वाईट बोललं नाही. कोल्हापुरात तोंडावर बोलणारे पुष्कळ, पण म्हाताऱ्या माणसाला कुणी असं बोलत नाही. फक्त बोलणं बदललं. पूर्वी "काका, जरा ऐका की ही कशी वाजती" असायचं, ते आता "काका, जेवलासा का?" झालं. मीही तेच विचारत होतो.

दर वर्षी मी ठरवायचो, या दिवाळीला सांगू. फडकं माझ्या कपाटात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे होतं. बायकोला ते दोनदा सापडलं आणि दोन्ही वेळा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खोटं बोलायची सवय लागली की तिच्या अंगावरूनही रोज हात फिरवावा लागतो, म्हशीच्या फिरवतात तसा.

गेल्या महिन्यात आक्का आमच्याकडे आल्या होत्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "ह्यांनी आता चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केलीया. गॅस बंद केला, चिठ्ठी. कुलूप लावलं, चिठ्ठी. आंघोळ केली, त्याचीबी चिठ्ठी. डॉक्टर म्हणत्यात, ध्यान माझ्यापेक्षा चांगलं हाय तुमचं. पर ह्यांचा इस्वासच न्हाय. म्हणत्यात, मी फडकं बांधायला इसरलोय, डॉक्टरला काय ठावं." आणि हसल्या. डोळे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं आणि पान्यांची गुंडाळी घेऊन मंगळवार पेठेत गेलो. साडू पायरीवर, रस्त्याकडे पाठ. मी पुढ्यात उभा राहिलो आणि फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते त्यांनी लगेच ओळखलं. उलटसुलट करून पाहिलं. माझ्या बोटांचे काळे डाग अजून त्यावर होते.

मी सगळं सांगितलं. मटण, प्लग, फोन, खिसा. मेस्त्रींच्या दारातला खिशातला हात. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो, म्हणून थांबलो नाही.

त्यांनी फडक्याची सुरकुतलेली टोकं बोटांनी सरळ केली. मग म्हणाले, "म्हंजे मी बांधलतं."

"हो."

"किती गाठी?"

"दोन."

"दोनच," ते म्हणाले. मग आत तोंड करून हाक मारली, "अगं, मी बांधलतं. पावणं सांगत्यात. दोन गाठी."

आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. आक्कांनी ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. ते पाहणं मी विसरणार नाही, आणि विसरूही नये.

साडू म्हणाले, "त्या दिवशी खाली आलो, फडकं न्हाय. मला वाटलं, पावण्यांनी ऑइल ओतलं. हिला म्हणलोतो, गडी शिकला बघ, न सांगता काम करतोय. खूश हुतो मी."

मी पान्यांची गुंडाळी त्यांच्याजवळ पायरीवर ठेवली.

"चार वर्षं," ते म्हणाले. "नळ बंद केला की चारदा जाऊन बघतोय मी. रात्री उठून कुलूप वढून बघतोय. तुमाला एक शब्द बोलायला काय झालतं, पावणं?" आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. सगळ्यात वरची 'गोळी घेतली' अशी होती. ती त्यांनी वाचली, आणि सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. "मास्तर हायसा न्हवं तुमी? मग लिवून काढा. मेस्त्रीच्या दारात जे बोललासा, ते समद्यांनी ऐकलंय. आता हेबी समद्यांनी वाचाय पायजे. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं लोक इसरत्यात."

म्हणून हे लिहिलं आहे. चार वर्षांपूर्वी त्या रविवारी माझ्या थोरल्या साडूंनी फडकं बांधलं होतं. दोन गाठी मारल्या होत्या. ते मी सोडलं.

परवाच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. गेलो तर गाडीवरची ताडपत्री काढलेली. "हात धुतलासा?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी नळावर कोपरापर्यंत हात धुतले. ऑइल मी काढलं. ते पिढ्यावर बसून फक्त बघत होते, कारण गुडघा आता उकिडवं बसू देत नाही. फडकं मात्र त्यांनी स्वतः बांधलं. गाठ तीनदा सुटली. मी मदतीला हात पुढे केला नाही. जेवून आल्यावर मी ऑइल ओतलं, ऑइल मोजायची पट्टी ओढून दाखवली, आणि मग ते म्हणाले, "आता सोडा." मी गाठी सोडल्या, घडी केली आणि फडकं त्यांच्या हातात दिलं, खिशात घातलं नाही.

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. साडूंनी डोळे मिटून डावा कान पुढे केला. मग उजवा केला. मग पुन्हा डावा. समोरून एक रिक्षा खडखडत गेली, तिच्या सायलेन्सरमधून बारीक शिट्टी वाजत होती, ती मलाही कळली. साडूंनी मान वळवली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या चार वर्षांत कुणी त्यांना काही ऐकायला सांगितलं नाही, आणि दरम्यान कान कधी मंदावले ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, टॅपेट वाजतंय का?"

नाही म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मी गाडीशेजारी खाली बसलो, डोळे मिटले, पहिल्या तीन रविवारी शिकवलं होतं तसं ऐकलं. घाई केली नाही.

"वाजतंय," मी म्हटलं. "थोडं."

त्यांनी मान डोलावली. चेहरा उजळला. मग दाराकडे वळून त्यांनी जोरात हाक मारली, "अगं ए, ताट आण."